डाव्या कानात आत्ता

केंद्रावर सगळे तिला कात्री म्हणत. तोंडावर कात्रीताई, पाठीमागे नुसतं कात्री. नाव ठेवणारा कधीच नोकरी सोडून गेला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. शाळेत असताना तिची मुलगी मैत्रिणींना सांगायची, "माझी आई रेडिओत कात्री आहे," आणि मैत्रिणींना वाटायचं, हिची आई शिवणकाम करत असणार.

काम सांगायला सोपं होतं. त्या शहरापुरतं ते रेडिओ केंद्र. गाणी नाहीत, दिवसभर बातम्या आणि बोलणं. रोज सकाळी दहा ते बारा या वेळात लोकांचे फोन थेट रेडिओवर लागायचे. थेट म्हणजे अगदी थेट नव्हे. माणूस बोलला की त्याचं बोलणं सात सेकंद एका यंत्रात थांबायचं आणि मग बाहेर पडायचं. तेवढ्यात कुणी शिवी दिली, कुणाचं नाव घेऊन चिखलफेक केली, तर कात्रीने टेबलावरचं लाल बटण दाबायचं. यंत्रात थांबलेले सात सेकंद पुसले जायचे, ऐकणाऱ्याला फक्त एक बारीकशी उडी जाणवायची.

त्यासाठी तिच्या हेडफोनची जोडणीही वेगळी होती. डाव्या कानात फोनवरचा माणूस, म्हणजे आत्ता बोलतोय ते. उजव्या कानात रेडिओ, म्हणजे सात सेकंदांपूर्वीचं. बटण दाबायचं ते डाव्या कानाच्या भरवशावर. उजवा कान नुसता खात्रीसाठी, की जायला नको होतं ते गेलं नाही. नवीन माणसाला त्या दोन कानांनी पाच मिनिटांत गरगरायला लागे. कात्रीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. एका कानाने ऐकत, दुसऱ्याने तपासत ती मधल्या मधे पेन्सिलीला टोकही करायची.

सुरुवातीला मात्र बटण वगैरे काही नव्हतं. केंद्र काढलं एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. त्यांना सगळे थोरले म्हणत. दुकानाच्या वर एक खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या जुन्या गाद्या, आणि बातम्या म्हणजे आज पाणी किती वाजता, कुठला रस्ता खोदलाय, कुणाचा म्हातारा फिरायला गेला तो परतला नाही. वाचायची थोरल्यांची बायको. वाचता वाचता खिडकीतून तिला कुणी दिसलं की ती म्हणायची, "अहो, खाली गिऱ्हाईक आलंय," आणि तेही शहरभर जायचं. सहा-सात वर्षांनी लोकांचे फोन घ्यायला लागले. तिसऱ्याच आठवड्यात एकाने पाणीपुरवठ्याच्या साहेबाला आईवरून शिवी हासडली आणि केंद्र आठ दिवस बंद पडलं.

थोरल्यांनी त्यावर तोड काढली. खोलीत टेपची दोन यंत्रं सव्वा मीटर अंतरावर ठेवली. एकावर बोलणं भरायचं, तीच फीत खोलीतून तरंगत दुसऱ्या यंत्रापर्यंत जायची आणि तिथे वाजायची. तेवढं अंतर कापायला फितीला सात सेकंद लागायचे. खोलीत ज्याला त्याला त्या फितीखालून वाकून जावं लागे. चहावाला एकदा वाकायला विसरला आणि महापौरांची मुलाखत त्याच्या गळ्यात पडली.

कात्री त्याच सुमारास लागली. थोरल्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "कान कसे आहेत?" ती म्हणाली, "सासूबाई स्वयंपाकघरात कुजबुजतात ते मला गच्चीत ऐकू येतं." तेवढ्यावर नोकरी पक्की झाली.

पुढे थोरले गेले, केंद्र एका कंपनीने घेतलं, गाद्यांच्या जागी जाड काच आणि गालिचे आले, फितीच्या जागी डब्याएवढं यंत्र. जुनी माणसं उरली दोन. एक कात्री, आणि दुसरा सगळी यंत्रं सांभाळणारा, ज्याला थोरल्यांपासून मिस्त्री म्हणायची पद्धत होती. येत्या शनिवारी केंद्राला पस्तीस वर्षं होणार होती. दहाच्या कार्यक्रमात केंद्राचा इतिहास सांगायचं ठरलं आणि केंद्राच्या साहेबांनी तो लिहायचं काम कात्रीला दिलं. "तुमच्याशिवाय जुनं आहे कोण?" मिस्त्री म्हणाला, "मी आहे की. पण माझं शुद्धलेखन बघून थोरले वरून खाली येतील."

आणि त्याच आठवड्यातला तो मंगळवार.

विषय होता, आई-बाप दोघं नोकरीवर गेले की लहान मुलांना ठेवायचं कुठे. एका आजोबांचा फोन लागला. बोलणं संथ, समजूतदार. कात्रीने नेहमीप्रमाणे रिसीव्हर उजव्या कानाशी धरून विचारलं, कुठून बोलताय, काय सांगायचंय, घरातला रेडिओ बंद करा, आणि फोन आत सोडला. मग तिच्या कानावर आलं, "दवाखान्यामागच्या गल्लीतलं ते निळ्या दाराचं पाळणाघर, तिथे मुलांना दुधातून झोपेचं औषध देतात," आणि तिचा अंगठा आपोआप खाली गेला. पुढच्याच क्षणी निवेदकाचा गोड आवाज आला, "फार बरं झालं सांगितलंत, काका. लोकांना हे कळायला हवं."

काचेपलीकडे निवेदक तोवर दुसऱ्याच फोनवर हसत बोलत होता. त्याच्याकडे बघताना कात्रीच्या लक्षात आलं, गडबड झाली. जे पुसलं जायला हवं होतं ते तिने रेडिओवर ऐकलं होतं. मग पुसलं काय गेलं?

केंद्रावर दोन नोंदी होत. फोनवर जे बोललं गेलं ते, आणि रेडिओवर जे गेलं ते. दुपारी मिस्त्रीने दोन्ही लावल्या. फोनवरचे आजोबा म्हणत होते, "...झोपेचं औषध देतात, असं कुणीतरी उठवून दिलंय. साफ खोटं आहे. माझी नात दोन वर्षं तिथेच जाते. मी स्वतः जाऊन बघितलंय. बाई देवमाणूस आहेत." त्यावर निवेदक म्हणाला होता, फार बरं झालं सांगितलंत. रेडिओवर मात्र 'देतात' नंतर थेट 'फार बरं झालं'. मधली सगळी ग्वाही बटणाने खाल्ली होती.

"यंत्र उशिरा चाललं," कात्री म्हणाली.

मिस्त्रीने यंत्र उघडलं, तपासलं, परत बंद केलं. "सात म्हणजे सातच आहेत, ताई."

"मग परत बघ."

त्याने परत बघितलं. तिच्याकडे नाही बघितलं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि बुधवारी सगळ्यांच्या आधी ती केंद्रावर गेली. हेडफोन घातला, आपल्या मोबाइलवरून टेबलावरचा फोन लावला आणि फोनवर वेळ सांगणाऱ्या बाईसारखी मोबाइलमध्ये आकडे म्हणायला लागली. एक, दोन, तीन. उजव्या कानात सकाळच्या बातम्या. मग हेडफोनचा उजवा कप कानावरून सरकवला. डाव्या कानात काहीच नाही. तिला वाटलं, वायर निघाली. वायर जागच्या जागी होती. टेबलावरचा हिरवा दिवा तिच्या प्रत्येक आकड्यासरशी लुकलुकत होता. तिने हेडफोन उलटा घातला, डावा कप उजव्या कानावर, आणि तिचा स्वतःचा आवाज तिच्या डोक्यात घणाघण वाजला. चार, पाच, सहा.

म्हणजे कित्येक दिवस ती उजव्याच कानाने बटण दाबत होती. जे घडून गेलं ते ऐकून, जे घडतंय ते पुसत होती.

तिने मागच्या सहा महिन्यांत बटण दाबून केलेले काप नोंदींतून काढून ऐकले. थोडेच होते, पाच. पहिले दोन बरोबर. तिसऱ्यात शिवी निम्मी पुसलेली, निम्मी राहिलेली. चौथ्यात शिवी पूर्ण रेडिओवर गेलेली आणि पुसलेलं काय, तर त्या माणसाने मागितलेली माफी. पाचवा मंगळवारचा. कुणी तक्रार केली नव्हती, म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि दहा वाजता हेडफोन उलटा घालून तिने फोन घ्यायला सुरुवात केली. आता आत्ताचं उजव्या कानात होतं आणि खात्री करायला कान उरला नव्हता.

दुपारी पाळणाघरवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात घरातल्याच चपला. शहरातली अर्धी मुलं त्यांना मावशी म्हणत, त्यामुळे मोठी माणसंही मावशीच म्हणत. बाहेरच्या खुर्चीत त्या बसल्या नाहीत.

"कोण बोललं ते सांगा," त्या म्हणाल्या.

"फोन करणाऱ्याचं नाव आम्ही देत नाही, मावशी."

"माझं दार मात्र दिलंत. रंगासकट." त्यांचा आवाज चढला नव्हता. "अकरा मुलं होती. आज तीन आली. त्यातलं एक माझ्या भाचीचं, त्याला दुसरीकडे कुणी घेत नाही. एक बाई तर कपाट उघडून बघून गेली. औषधाची बाटली आहे माझ्याकडे, नाही असं नाही. गुडघ्याला लावायच्या तेलाची."

कात्रीने खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"दुपारी झोपतात मुलं. झोपणारच. सकाळभर मी त्यांना अंगणात पळवते, आणि त्यांच्यामागे मी पळते. मला कोण औषध देतं?" त्या पाऊलभर पुढे आल्या. "तुम्ही त्या खोलीत बसता ना? तुम्ही ऐकलं असेल. तो माणूस एवढंच बोलला?"

"चौकशी चालू आहे," कात्री म्हणाली. स्वतःचं वाक्य तिला उजव्या कानाने ऐकू आलं आणि तिला मान वर करवेना.

संध्याकाळच्या बातम्यांनंतर साहेबांनी चौकशी संपवली. 'तांत्रिक बिघाडामुळे एका श्रोत्याचे मत अपूर्ण प्रसारित झाले, त्याबद्दल दिलगीर आहोत' असं दोनदा वाचायचं ठरलं आणि यंत्राची देखभाल नीट न केल्याबद्दल मिस्त्रीला पत्र द्यायचं. कात्री साहेबांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

"सर, आजोबांचं पूर्ण बोलणं आपल्याकडे आहे. तेच लावू या."

"लावलं की विचारतील, मग कापलं का? पाळणाघराचं नाव परत एकदा येणार ते वेगळंच. लोक आठ दिवसांत विसरतात, मॅडम."

"आणि मिस्त्रीला पत्र?"

"पत्र म्हणजे काय फाशी आहे?" साहेब हसले आणि खुर्ची थोडी मागे सरकवून तिच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला दुसरं काही सांगायचंय का? नसेल तर राहू द्या. तुमची चार वर्षं उरलीत. कशाला उकरत बसता?"

त्यांना कळलंय की नाही, हे तिला कळेना. नाही, एवढंच म्हणून ती बाहेर आली. मिस्त्री जिन्याजवळ उभा होता. म्हणाला, "पत्र आलं तर फ्रेम करून लावतो. एवढ्या वर्षांत केंद्राने मला लिहिलेलं पहिलंच." तिला हसू आलं नाही. त्याचं त्यालाही आलं नाही.

घरी तिने जेवणाचं ताट पुढे केलं आणि पाणी द्यायचं विसरली. नवरा टपालखात्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. त्यानेच उठून पाणी घेतलं.

"तुम्ही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता," ती अचानक म्हणाली.

"मी आत्ता काही बोललोच नाही."

"आत्ता नाही. एरवी."

त्याने घास खाली ठेवला. "अगं, सहा महिने मी रस्त्याने तुझ्या उजव्या बाजूने चालतोय. झोपायची बाजू बदलली, तुला म्हटलं पंख्याचा वारा लागतो. तुझ्या खरंच लक्षात आलं नाही?"

तिला आधी राग आला. "माहीत होतं आणि गप्प बसलात?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा डाव्या बाजूने सांगितलं असेन."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाला, "टेबल गेलं तर गेलं. आपण दोघं काही उपाशी मरणार नाही."

प्रश्न उपाशी मरण्याचा नव्हता, ते त्यालाही ठाऊक होतं. सकाळी दहाला त्या खुर्चीत बसली नाही तर आपण नक्की कोण, हे तिने अठ्ठावीस वर्षांत कधी तपासलंच नव्हतं. कान नसलेली कात्री म्हणजे काय? लोक हसतील, आणि हसले तरी बरं, कीव करतील. गुरुवारी ती इतिहास लिहायला बसली. गाद्या, फीत, चहावाला सगळं भराभर उतरलं. शुक्रवारीही लिहिलं. फितीपासून यंत्रापर्यंत आली आणि पेन थांबलं. केंद्राचा इतिहास लिहायचा आणि मागचा मंगळवार गाळायचा, म्हणजे परत तेच बटण. रात्री मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "आई, मशीन मिळतं कानाचं, हल्ली दिसतसुद्धा नाही." कात्री म्हणाली, "दिसायला नको म्हणूनच इथवर आले गं," आणि फोन ठेवून शेवटचं पान लिहिलं.

शनिवारी साडेनऊला निवेदकाने पानं वाचायला घेतली. हसत हसत वाचत होता. शेवटच्या पानावर आला आणि हसू गेलं.

"ताई, हे मी नाही वाचणार."

"साहेबांना घाबरतोस?"

"घाबरतोच. पण ते नाही. 'लोकांना हे कळायला हवं' हे माझ्याच तोंडचं वाक्य आहे यात. मी वाचलं तर लोक म्हणतील, सारवासारव करतोय. तुम्ही आत बसा. तुम्ही वाचा."

"मी कधी बोलले नाहीये रेडिओवर."

"म्हणजे कुणी कंटाळलेलं नाही तुम्हाला."

तिच्या टेबलावर मिस्त्री बसला. ती पहिल्यांदाच काचेच्या आत बसली, आपल्या रोजच्या टेबलाकडे तोंड करून. निवेदकाने तिची ओळख करून दिली, ती वाचायला लागली. गाद्यांपाशी आवाज कापला, चहावाल्यापाशी स्थिरावला. उजव्या कानात तिला रेडिओ जोडून दिला होता, त्यामुळे मागून तिचाच आवाज तिला पाठलाग केल्यासारखा येत होता. कुणीतरी वयस्कर, जराशी घसा बसलेली बाई. ही आपण, हे पटायला वेळ लागला.

मग शेवटचं पान. "मागच्या मंगळवारी यंत्र बिघडलं नव्हतं," ती म्हणाली. "मिस्त्रींनी ठेवलेलं यंत्र ठीक आहे. बिघडला तो माझा डावा कान. मला त्या कानाने ऐकू येत नाही. म्हणून त्या श्रोत्याचं जे बोलणं तुमच्यापर्यंत पोचायला हवं होतं, तेच मी पुसलं, आणि कळल्यावरही लपवलं. ते आता पूर्ण ऐका."

पहिलं वाक्य वाचतानाच तिने मान वर केली होती. काचेपलीकडे साहेब आले होते. मिस्त्रीच्या खांद्यावर वाकून काहीतरी सांगत होते, बोट बटणाकडे. मिस्त्रीने हेडफोनकडे खूण केली, काही ऐकू येत नाही म्हणून, आणि तसाच बसला. साहेबांचा हात पुढे झाला. मिस्त्रीची पाठ मधे आली, पुढचं तिला दिसेना. आपण बोललो एवढं नक्की होतं. बाहेर गेलं की नाही, ते सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं. उजव्या कानात ती बाई अजून नव्या इमारतीच्या गालिच्यांबद्दल सांगत होती. कात्रीने टेबलाची कड धरली. मग कानातली बाई थांबली, कागद उलटल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, मागच्या मंगळवारी यंत्र बिघडलं नव्हतं. एकही शब्द कमी झाला नाही. मागोमाग आजोबांचा संथ आवाज निघाला, साफ खोटं आहे, माझी नात दोन वर्षं तिथेच जाते.

बारा वाजता साहेब ओरडले नाहीत. "सोमवारी कानाच्या डॉक्टरचा कागद घेऊन या. तोवर टेबलावर बसू नका," म्हणाले. "आणि सांगायचंच होतं तर मला सांगायचं होतं, मॅडम. मी विचारलं होतं." त्यात तथ्य होतं, म्हणून ते जास्त लागलं.

ती घरी गेली नाही. दवाखान्यामागच्या गल्लीत निळं दार उघडंच होतं. अंगणात तीन मुलं एकाच बादलीवरून भांडत होती. मावशी पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी तिला बघितलं, पण उठल्या नाहीत.

"ऐकलं," मावशी म्हणाल्या. "दोघींचे फोन आले. सोमवारी आणतो म्हणाल्या. एकीने विचारलं, मावशी, तुम्ही इतके दिवस गप्प का राहिलात? म्हटलं, बाई गं, मला विचारलं कुणी?"

कात्रीला वाटलं, आता बसा म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत.

"बुधवारी मी आले होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

कात्रीने डावा कान पुढे केला असता तर ऐकू आलं नाही म्हणता आलं असतं. तिला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"हो," ती म्हणाली. "त्याच दिवशी सकाळी कळलं होतं."

"तीन दिवस."

"हो."

एक मुलगा बुटाची सुटलेली नाडी हातात धरून आला आणि त्याने पाय मावशींच्या मांडीवर ठेवला. त्या नाडी बांधायला लागल्या. एका गाठीवर दुसरी गाठ मारली, ती ओढून बघितली, परत सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली. कात्री दारात उभी राहिली, आत जावं की निघावं ते न कळून.

"सोमवारी किती येतात बघू," मावशी नाडीकडेच बघत म्हणाल्या.